पाट आभाळाकडे

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या बंगल्यांमध्ये भिंत आहे ती कमरेएवढी. बांधताना गवंडी म्हणाला होता, एवढी बुटकी ठेवू नका, चोर येतील. चोर काही आले नाहीत. वीस वर्षांत या भिंतीवरून नुसत्या वाट्या आल्या आणि गेल्या. भिंतीच्या एका कोपऱ्यात त्यांची जास्वंद आहे. तिथं वहिनी रोज सकाळी परडी घेऊन उभ्या. फुलं तोडायची चार, आणि वेळ लागणार पाऊण तास. फोन मात्र हातात कायम.

तीन महिने तो कोपरा ओस पडला होता. दिवाळी करून परत आल्या आणि दुसऱ्याच दिवशी हाक आली.

"ताई, कुकर लावलाय का हो?"

"दोन शिट्ट्या झाल्यात. बोला."

"अहो, एवढ्यात होणारं नाही. गॅस बारीक करून या."

मी बारीक करून आले. वहिनींचा मुलगा ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला. तो आईबाबांना घेऊन पर्थला गेला होता, तेही विमानानं नाही, रस्त्यानं. सत्तावीसशे किलोमीटर, मागे कॅम्पर ट्रेलर जोडून. हे मला फोटोंवरून कळलं होतं. पण फोटोत सगळेच हसत असतात.

"कॅम्पर ट्रेलर म्हणजे काय सांगू तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "आपल्या उसाच्या ट्रॅक्टरला ट्रॉली असते ना, तशी गाडीच्या मागे एक पेटी. मुक्कामाला पोचलं की पेटी उघडायची, आतून तंबू बाहेर येतो. मागचा खण ओढला की ओटा, शेगडी, बेसिन, सगळं सरकत बाहेर. दुकानदार म्हणाला होता दहा मिनिटांत उभा राहतो. पहिल्या दिवशी आम्हाला पाऊण तास लागला, आणि त्यानंतर मुलगा आणि सून एकमेकांशी तासभर बोलले नाहीत."

"आणि झोपायचं कुठं?"

"आम्ही दोघं वरच्या गादीवर, शिडीनं चढून. माझे गुडघे! नात खालच्या कप्प्यात. आणि ती दोघं स्वॅगमध्ये. स्वॅग म्हणजे जाड कॅनव्हासची वळकटी हो, उलगडायची आणि आत शिरायचं. आपले आजोबा पंढरपूरला घेऊन जायचे तसली. तिथे तिला भारी पैसे पडतात."

इथवर ठीक होतं. पण वहिनींचा खरा राग निराळ्याच वस्तूवर होता. मुलानं रजा काढली होती, पण काही अडलं तर फोन उचलायचा या अटीवर. सुनेनं तर दोनच दिवस रजा घेतली होती, बाकीचे दिवस वाटेतून काम. म्हणून ट्रेलरमध्ये भांड्यांच्या आधी काय चढलं असेल तर इंटरनेटचं सामान.

"मी म्हटलं, फिरायला निघालात की ऑफिस हलवताय? तर मला म्हणतो, आई, नेट आहे म्हणून तर निघालोय, नाहीतर निघताच आलं नसतं."

हे मला पटलं. वहिनींना पटलं नसावं, कारण त्यांनी एक सुकलेलं पान उगाच तोडलं.

आता त्या सामानाची गोष्ट. मुलानं निघण्याआधी एक स्वस्तातलं सिम घेतलं होतं. कंपनीचं नाव वहिनी सांगत होत्या, मी म्हटलं राहू द्या. जाहिरातीत लिहिलेलं, देशातल्या 98-99 टक्के लोकांपर्यंत आमची रेंज. मुलगा खूश. पोर्ट ऑगस्टा सोडलं, पुढे सेडुना गेलं, आणि फोनवरच्या दांड्या एकेक करून मावळल्या.

"मी त्याला म्हटलं, तू शिकलेला ना रे? त्यात लोक लिहिलंय. जमीन कुठं लिहिलीय?"

हा मुद्दा वहिनींनी काढला की सुनेनं, याची मला शंका आहे. पण मुद्दा बिनतोड. ऑस्ट्रेलिया सुमारे 77 लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या भारताच्या दुपटीहून मोठा, आणि माणसं पावणेतीन कोटी, तीही बहुतेक समुद्रकाठच्या शहरांत दाटीवाटीनं. तिथली सगळ्यात लांब पोचणारी टेल्स्ट्रा कंपनी 99 टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत जाते, आणि तरी तिची रेंज असलेली जमीन, तिच्याच हिशेबानं, भरते साधारण 30 लाख चौरस किलोमीटर. निम्मीसुद्धा नाही. उरलेल्या जमिनीवर कांगारू राहतात, त्यांना सिम लागत नाही. त्यात आणखी मेख अशी, की ज्या छोट्या कंपन्या टेल्स्ट्राचेच टॉवर भाड्यानं घेऊन स्वस्त सिम विकतात, त्यांतल्या बहुतेकांना सगळे टॉवर मिळत नाहीत. शहरात फरक कळत नाही. कळतो तो नेमका जिथे कळून उपयोग नसतो तिथे.

"आणि भाऊजींचा फोन?"

"ह्यांचा फोन तर ॲडलेडलाच गेला. गेला म्हणजे फोन धडधाकट, तिथलं सिम घातलं की नेटवर्क नाही. त्यांनी 2024 च्या ऑक्टोबरात थ्री-जी बंद केलं म्हणे. आणि ज्या फोनवरून त्यांचा तो तीन शून्यांचा इमर्जन्सीचा नंबर फोर-जीवर लागत नाही, त्या फोनला कंपन्यांनी घ्यायचंच नाही असा कायदा. ह्यांनी आठ वर्षं जपलेला फोन. दोन दिवस सुतकात असल्यासारखे बसले."

मग भाऊजींना नवं प्रेम सापडलं. गाडीत एक वायरलेस होता, त्याला सीबी रेडिओ म्हणतात. त्याला ना सिम, ना रिचार्ज. 40 नंबरच्या चॅनेलवर ट्रकवाले बोलत असतात. त्या रस्त्यावर दोन-दोन ट्रेलर ओढणारे अजस्र ट्रक धावतात. मागून असा ट्रक आला की ट्रकवाला विचारतो, पुढे काढू का? आपण म्हणायचं, या, मी हळू करतो. काही किलोमीटरच्या आतला माणूस ऐकू येतो, त्यापलीकडे शुकशुकाट. भाऊजी चाळीस वर्षं एसटीत कंट्रोलर होते. त्यांनी तो रेडिओ दिवसभर सोडला नाही. एका ट्रकवाल्याला त्यांनी म्हणे मुलाची नोकरी आणि सुनेचं माहेर, दोन्ही सांगितलं.

माझ्या कुकरची आठवण झाली. जाऊन बंद केला आणि येताना दोन कप चहाच घेऊन आले. भिंतीवर ठेवला.

"बरं, मग नेट आलं कुठून?"

"आभाळातून," वहिनी म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला. "त्याच्याकडे दुसरी व्यवस्था होती. मी आधी बघितली तेव्हा मला वाटलं, देवाचा पाट आणलाय. पांढरा, चौकोनी, एवढासा. मी त्याला पाटच म्हणायचे. नातही मग पाटच म्हणायला लागली."

तो पाट म्हणजे स्टारलिंकचा छोटा अँटेना. फूटभर लांबीचा, वजन किलोभर. जमिनीवर ठेवा नाहीतर गाडीच्या टपावर, तोंड आभाळाकडे. आमचे हे रिटायर झाल्यापासून असल्या गोष्टी वाचत असतात, त्यांनी मला नंतर समजावलं ते इथंच सांगते. पूर्वीचे इंटरनेटचे उपग्रह 36 हजार किलोमीटरवर, एका जागी टांगल्यासारखे. हाक तिथून जाऊन तिचं उत्तर परत यायला अर्ध्या सेकंदाच्या वर वेळ, त्यामुळे बोलताना दोघंही एकदम बोलतात आणि दोघंही एकदम थांबतात. हे नवे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरवरच, म्हणून बोलणं समोरासमोर वाटतं. पण जवळ आहेत म्हणून पळतात. एक उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो, तोवर पाटानं पुढचा पकडायचा. मध्ये झाड आलं की पकडायचं राहून जातं.

"झाडाचं मला सांगू नका," वहिनी म्हणाल्या. "झाडानंच घात केला. पण त्याआधी चेकनाक्याचं ऐका."

चेकनाका म्हणजे दोन राज्यांच्या सीमेवरचा, बॉर्डर व्हिलेजचा. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरताना ताजी फळं, भाज्या, मध, काही न्यायचं नाही. त्यांच्या शेतीला कीड लागू नये म्हणून. गाडीत डोकावून बघतात. वहिनींची लिंबं गेली, भोपळी मिरची गेली, कढीपत्ता गेला, आणि नातीच्या खोकल्यासाठी नेलेली मधाची बाटली गेली.

"कढीपत्त्याचा वास घेऊन बघितला त्या बाईनं. छान आहे म्हणाली आणि टाकला डब्यात."

त्या संध्याकाळी ते यूक्लाला होते. हे गाव मला नकाशात शोधावं लागलं. तिथे वाळूच्या टेकड्यांत अर्धवट गाडलेलं एक दगडी घर आहे, छप्पर नाही, भिंती उरल्यात. ते जुनं तारघर. 1877 च्या डिसेंबरात तिथून पूर्व-पश्चिम तार सुरू झाली. त्याआधी पर्थची खबर ॲडलेडला जायची ती बोटीनं. पण गंमत ही, की दोन्हीकडचे मोर्स वेगळे. पूर्वेकडचे अमेरिकन पद्धतीचा कट्ट-कडकट्ट वाजवायचे, पश्चिमेकडचे आंतरराष्ट्रीय. म्हणून यूक्लात दोन्ही राज्यांचे तारबाबू बसवलेले. एकानं ऐकून कागदावर उतरवायचं, दुसऱ्यानं आपल्या पद्धतीनं पुढे ठोकायचं. पन्नास वर्षं तारघर चाललं. 1927 मध्ये तार रेल्वेच्या कडेनं गेली आणि तारघर सुटलं. त्याआधीच 1890 च्या दशकात सशांच्या धाडी आल्या होत्या. त्यांनी टेकड्यांवरचं गवत फस्त केलं, वाळू मोकळी झाली, आणि तिनं सावकाश गाव गिळलं.

"दोन बाबू, मध्ये चिठ्ठी," वहिनी म्हणाल्या. "मला तर तिथं तुमचीच आठवण झाली."

दुसरा दिवस 27 ऑगस्ट. गणेश चतुर्थी. वहिनींच्या घरचा गणपती तासगावला, धाकट्या दिरांकडे. लग्न झाल्यापासून एकही वर्ष त्यांची आरती चुकलेली नाही. जाताना दिरांनी सांगितलं होतं, वहिनी, अकरा वाजता व्हिडिओ लावतो. आता अकरा म्हणजे तिकडचे किती? ॲडलेड आपल्यापुढे चार तास, पर्थ अडीच तास. आणि यूक्लाच्या बाजूची ही मधली चार घरांची वस्ती म्हणते आमचं घड्याळ निराळं. ती आपल्यापुढे सव्वातीन तास. अर्धा तास ऐकलाय, हा पाव तासाचा हिशेब जगात क्वचितच कुठे असेल. फोनमधलं घड्याळ गोंधळलं. सुनेनं रोडहाउसच्या भिंतीवरचं घड्याळ बघून ठरवलं, सव्वादोन.

मडुरा ओलांडल्यावर त्यांनी रस्त्याच्या कडेच्या फुकटच्या तळावर ट्रेलर लावला. मुलानं जागा निवडली ती झाडांच्या आडोशाला, वारा फार म्हणून. नलारबोर याचा अर्थ लॅटिनमध्ये 'एकही झाड नाही'. खरं उघडं माळरान त्या हमरस्त्यावर थोडंच लागतं, बाकी सगळी खुरटी झाडी.

"एकही झाड नाही म्हणे! आणि माझ्या गणपतीच्या वेळेला बरोब्बर झाडं उगवली."

शिवाय दोन दिवस ढगाळ. ट्रेलरची बॅटरी सोलरवर भरते, ती निम्म्याखाली आलेली. बॅटरीवर दोन दावेदार. एक फ्रीज, दुसरा पाट. पाट तसा कमी खातो, तीसेक वॅट. फ्रीज रात्रंदिवस खातो. मुलगा म्हणाला, फ्रीज दोन तास बंद करू. फ्रीजमध्ये वहिनींनी केलेलं मोदकांचं सारण, दूध, आणि नातीचं काहीतरी. तर सून म्हणाली, मग माझी दोनची मीटिंग नको, आरतीच करू. वहिनींनी हे मला दोनदा सांगितलं. पहिल्या वेळी सहज, दुसऱ्या वेळी आवाज जरा ओला.

दोनला पाट मांडला. मुलाच्या फोनवर आभाळाचा गोल नकाशा आला. निम्मा गोल लाल. लाल म्हणजे झाड आडवं. व्हिडिओ लागला, दीर दिसले, तोंड उघडं, हातातली घंटा वर, आणि तसेच राहिले. पुन्हा लागला, आता घंटा खाली. पुन्हा गेला. पाट मोकळ्यावर न्यायचा तर वायर पंधराच मीटर.

"मग मीच म्हटलं, ट्रेलर हलवा."

"वहिनी! तुम्ही?"

"हो, मी. ज्या पाटाला तीन दिवस शिव्या देत होते, त्याच्यासाठी तंबू आवरायला लावला सगळ्यांना. हे काठ्या काढतायत, सून पडदे गुंडाळतीये, मी मोदक सांभाळतीये. निम्मा तंबू उतरला, आणि मग माझ्या इंजिनिअर मुलाला आठवलं, की गाडीच्या चार्जरवरसुद्धा पाट चालतो."

म्हणजे नुसती गाडी सोडवून शंभर पावलं पुढे न्यायची होती. ट्रेलरला हातही लावायला नको होता. भाऊजी काहीच बोलले नाहीत, उतरवलेल्या काठ्यांकडे बघत राहिले म्हणे. मला तर त्यांचं न बोलणं इथं बसल्या ऐकू आलं.

गाडी उघड्यावर गेली. बॉनेटवर पाट, आभाळाकडे तोंड करून. त्याच्याभोवती पाच माणसं, हातात टाळ नाहीत म्हणून नातीनं दोन झाकणं घेतलेली. नकाशा सगळा निळा. आणि चित्र काय स्वच्छ! गणपतीच्या सोंडेवरचा दुर्वांचा हार दिसतोय, दिरांच्या धोतराचा जर दिसतोय. आरती संपत आली होती, पण दीर म्हणाले, वहिनी पोचल्या, पुन्हा म्हणू, गणपतीला काय, दोनदा चालते. पुन्हा सुरुवात झाली. झाकणं वाजायला लागली. रस्त्यानं जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं भोंगा दिला.

आणि चित्र थांबलं.

"मुलगा फोनवर बघतोय, पाट हलवतोय. सगळं निळं, सगळं ठीक. म्हणतो, आई, आपल्याकडून काही नाही. दहा मिनिटांनी दिरांचा फोन आला. लाईट गेली होती. तासगावची!"

वहिनी हसायला लागल्या, मी पण. चहा सांडला.

"आभाळातून साडेपाचशे किलोमीटरवरून येतं आणि तासगावच्या खांबावर अडतं. सुनेसमोर मला असं झालं! ती मेली नुसती हसून मोदक पुढे करते."

दुसऱ्या दिवशी तासगावच्या गणपतीचा रथ. तोही बघितलाच, पण कसा, तर गाडी चालत असताना. तो रस्ता 146 किलोमीटर सलग सरळ आहे, एक वळण नाही. पाट टपावर बांधलेला, भाऊजी रेडिओवर, वहिनी रथात. त्या सरळ रस्त्याच्या शेवटी बॅलडोनिया लागतं. तिथल्या रोडहाउसमध्ये स्कायलॅबचा तुकडा ठेवलाय.

स्कायलॅब! माझ्या अंगावर काटाच आला. 1979 चा जुलै, नासाची ती अवकाश-प्रयोगशाळा कोसळणार होती. मी कॉलेजात होते. आई म्हणाली होती, जे काय खायचं ते आजच खा. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी त्या आठवड्यात उधारी मागायची सोडून दिली होती आणि नंतर त्यांना फार पस्तावा झाला. सगळ्या देशाला वाटलं आपल्याच डोक्यावर पडणार. आणि पडली ती कुठं, तर ह्या बॅलडोनियाच्या आसपास, जिथं डोकीच नाहीत. एस्पेरन्सच्या नगरपालिकेनं नासाला 400 डॉलर दंड केला होता, कचरा टाकल्याबद्दल.

"तेव्हा आभाळातून काय पडेल म्हणून घरात बसलो," वहिनी म्हणाल्या, "आणि आता ह्यांना तो पाट बॅगेत घालून सांगलीला आणायचा होता."

"मग आणला?"

"मुलगा म्हणाला, कस्टमवाले आधी पाट ठेवून घेतील, मग तुम्हाला. आपल्याकडे कंपनीला 2025 च्या जूनमध्ये परवाना मिळाला, पण तोवर पाट मिळायला लागला नव्हता. हे रुसले. आता जाऊन टेरेसवर आभाळाकडे बघत बसतात."

एवढं बोलून वहिनींनी परडी उचलली, पुन्हा खाली ठेवली. फोनकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग जरा भिंतीजवळ सरकल्या.

"ताई, एक विचारू का? रागावू नका. तुमचं वायफाय कालपासून लागत नाही हो इथं."

"आमचं वायफाय?"

"ह्या जास्वंदीपाशीच येतं ना. घरात येत नाही, मधे आमची भिंत आडवी. म्हणून इथं उभी राहून मुलाशी बोलते सकाळी. आमच्या घरचं काय, महिन्यातनं पंधरा दिवस बंद. काल आल्या आल्या लावून बघितलं तर पासवर्ड चुकला म्हणतंय."

"पासवर्ड तुम्हाला दिला कुणी?"

"भाऊजींनीच दिलेला. कोरोनात. तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी?"

मी मागे वळून व्हरांड्यात बघितलं. आमच्या ह्यांनी पेपर इतका उंच धरला होता की नुसती बोटं दिसत होती. पासवर्ड आमच्या मुलानं परवा बदलला होता, बिल जास्त का येतं म्हणून. मी वहिनींना जवळ बोलावलं आणि नवा सांगितला. सांगताना आवाज बारीक केला, कारण आमच्या पलीकडच्या अंगालाही भिंत कमरेएवढीच आहे, आणि तिथेही एक बाई गेले कित्येक दिवस रोज सकाळी तुळशीपाशी फार वेळ उभ्या असतात.